मोजणीला बंदोबस्त का लागतो?

(पनवेल इथं झालेल्या अभ्यासशिबिरातलं भाषण. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून आलेल्या कापूस-ज्वारीवाल्या शेतकऱ्यांसमोर ते झालं. जिल्हा मेळाव्यांत वाचता यावं म्हणून इथं छापलं आहे.)



काल संध्याकाळी तुम्ही इथं उतरलात, तेव्हा परभणीकडच्या एका दादांनी मला विचारलं, "भाऊ, इथं शेतं कुठशी आहेत?" मी त्यांना गच्चीवर नेलं. हात करून दाखवलं, तिकडं कळंबोली, लोखंडाचा बाजार. तिकडं कामोठे, खारघर, बारा-बारा मजल्यांच्या इमारती. त्या अंगाला नवा विमानतळ, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. आणि खाली उरणच्या वाटेनं बंदराकडं जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा. म्हटलं, "दादा, हीच शेतं." दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडं बी खांब रोवून गेलेत."

मला विषय दिलाय तो भीतीचा. देशात कोणाचा कोणावर विश्वास राहिला नाही, माणूस सरकारला भितो, सरकार माणसाला भितं, शेजारी शेजाऱ्याला भितो, हे असं का झालं, त्यावर बोला म्हणाले. एवढ्या मोठ्या देशाचं मला सांगता यायचं नाही. मी खाडीकाठचा भातशेतकरी, म्हणजे होतो. आमच्या पन्नास वर्षांत काय झालं तेवढं सांगतो. तुमच्या गावाशी ते जुळतंय का, ते तुम्ही पाहा.

तुमची शेती कोरडवाहू. पाऊस आला तर आला. आमची शेती खाऱ्या पाण्याच्या खाली. समुद्राला उधाण आलं की भरतीचं पाणी शेताच्या वर उभं राहायचं आणि मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधाला खेकडा बीळ करतो. बोटाएवढं बीळ. अमावास्येच्या उधाणाला त्यातून पाणी झिरपायला लागतं, तासाभरात खांड पडते, आणि पहाटेपर्यंत सगळ्या गावाचं भात खारं. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं जमीन पिकत नाही. म्हणून रात्री कोणी आरोळी मारली की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. भाऊबंदकी असो, कोर्टात केस असो, बांधावर सगळे. जो आला नाही त्याला गाव विचारायचं. हे मी कौतुकानं सांगत नाही, त्यात दुसरं काही चालतच नव्हतं. खांड माझ्या शेतापाशी पडली तरी बुडणार तुझंही.

१९७० साली मुंबईच्या समोरच्या अंगाला नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी सिडको हे महामंडळ निघालं. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावं त्यात धरली. कायदा इंग्रजांचा, १८९४ चा. त्यात शेतकऱ्याच्या संमतीची अटच नव्हती. हरकत घ्यायची मुभा होती, पण हरकतीवर निकाल कोणाचा? ज्याला जमीन हवी त्या सरकारचाच. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, पण जमीन घ्यायची वेळ आली की १८९४ चा गोरा साहेब कपाटातून बाहेर यायचा. तो कायदा जायला २०१४ चा जानेवारी उजाडला.

माझ्या घरी पहिली नोटीस आली तेव्हा मी लहान होतो. बाबांना अक्षरओळख जेमतेम. नोटीस घेऊन आलेला माणूस चांगला होता, चहा प्यायला. म्हणाला, "काही नाही, पोचल्याची सही आहे." बाबांनी सही केली. ती खरंच पोचल्याचीच सही होती, त्यानं फसवलं नव्हतं. पण पुढं कोणी सांगितलं, सही केली म्हणजे जमीन दिली. कोणी म्हणालं, सही केली नाही तर पैसे बुडतील. कोणी म्हणालं, ज्यानं आधी घेतले त्याला कमी मिळणार. कोणी म्हणालं, ज्यानं नंतर घेतले त्याला काहीच नाही. बाबा एकेकाला विचारत फिरले. एका कचेरीत गेले, तिथं दुसऱ्या कचेरीत जा म्हणाले. कोणी रागावलं नाही, कोणी दंडुका दाखवला नाही. नुसतं कोणी नीट सांगितलं नाही. आमच्या घरात भीती शिरली ती अशी. पोलीस फार नंतर आले.

तेही आले. १९८४ साली. न्हावाशेव्याला बंदर व्हायचं होतं, त्यासाठी उरणच्या गावांची जमीन हवी होती. भाव पुरेसा नाही म्हणून शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागं उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई, दास्तान फाटा, पागोटे या भागात गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. तिथून चिरनेर जवळच आहे. तिथं २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहावर इंग्रजांनी गोळ्या घातल्या होत्या. पाहा योग कसा, एकाच तालुक्यात दोन हुतात्मा स्मारकं, एक परक्या सरकारचं, एक आपल्या सरकारचं.

तुम्हांला हे नवीन नाही. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला कापसाच्या आंदोलनात तीन शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत. इथं बसलेल्यांपैकी काही जण त्या वेळी तरुण असतील.

पाच माणसं गेली तेव्हा आमच्याकडं साडेबारा टक्क्याचं तत्त्व पदरात पडलं. म्हणजे शंभर गुंठे जमीन घेतली तर साडेबारा गुंठ्यांच्या हिशेबानं विकसित भूखंड परत द्यायचा. पुढं भूसंपादनाच्या राजकारणात हे मोठं पाऊल ठरलं, दिबांचं श्रेय कोणी नाकारू नये. पण आता तारखा लावून पाहा. गोळीबार १९८४. सिडकोच्या गावांसाठी योजना कागदावर आली १९९० साली, सुधारली १९९४ साली. बंदर तर १९८९ साली सुरूसुद्धा झालं. जहाजं लागली, माल उतरला. आणि त्या बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांच्या साडेबारा टक्क्याची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली ऑगस्ट २०१४ मध्ये. तीस वर्षं! इरादापत्र म्हणजे भूखंडही नव्हे, भूखंड देण्याचा इरादा. त्यानंतरही माणसं वाट पाहतच राहिली. ज्यानं १९८४ मध्ये तिशीत जमीन दिली, तो साठीत गेला तो इरादा हातात घेऊन. तुम्ही सावकाराकडून घेतलेले पैसे तीस वर्षांनी परत करायचा इरादा कळवून पाहा बरं.

शब्द मोडला असता तर एकदाच चीड आली असती, आणि माणूस उठून लढला असता. शब्द मोडलाही नाही आणि पाळलाही नाही, नुसता लांबवला, त्यानं माणूस कुजतो. या तीस वर्षांत आमच्या गावांत काय झालं ते सांगताना मला स्वतःची लाज वाटते, तरी सांगतो.

भूखंड मिळणार म्हणजे काय मिळणार? वारसांना मिळणार. वारस कोण? आजोबांची चार मुलं, तीन मुली, त्यांची मुलं. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. इतक्यात गावात पांढऱ्या गाडीतून माणसं फिरायला लागली. "कधी मिळेल कोणाला ठाऊक, आम्ही आत्ता रोख देतो, मुखत्यारपत्रावर सही करा." काकांच्या मुलीचं लग्न होतं. काकांनी सही केली. बाबांना न सांगता. बाबांना ते कळलं बाहेरून, चहाच्या टपरीवर. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही. होळी एका अंगणात पेटायची, ती दोन झाल्या. खेकड्याच्या बिळासाठी मध्यरात्री एकत्र धावणारे हे दोन भाऊ! काका वाईट होते का? नव्हते. सरकार आपल्या हयातीत शब्द पाळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो फारसा चुकलाही नाही. दलालानं काकांची जमीन कमी, त्यांचा उडालेला विश्वास जास्त विकत घेतला. तो स्वस्तात मिळत होता.

मग ज्यांच्या हातात पैसे आले त्यांनी ते ठेवले कुठं? सरकारी बँकेतला साहेब परका, तो ओळखत नाही. आपल्या माणसांनी काढलेली सहकारी बँक जवळची. तिथं काउंटरवर शेजारची मुलगी, संचालक ओळखीचे. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले. ठेवीचा विमा तेव्हा फक्त एक लाखाचा. ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या, पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. तोवर विमा पाच लाखांचा झाला होता, म्हणून बहुतेक लहान ठेवीदारांचं निभावलं. पण सरकार दगा देतं म्हणून आपल्यांकडं यावं आणि तिथंही कुलूप दिसावं, मग माणसानं जावं कुठं? आपण चळवळवाले सरकारला शिव्या देण्यात पटाईत. आपल्याच पुढाऱ्यांच्या संस्थांचा हिशेब मागायला मात्र आपली जीभ अडखळते. तुमच्याकडंही जिनिंग-प्रेसिंग आणि सूतगिरण्यांचे शेअर्स घेतलेले असतील. पेटीतून ते कागद काढून पाहा, काय भाव आहे त्यांना.

आता शेवटचं घरचं सांगतो. बाबा आजारी पडले. पोटाचं ऑपरेशन करायचं होतं. दवाखान्यात संमतीचा कागद आणला. बाबांनी सही करायला नकार दिला. मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "जमिनीचा नाही ना?" मी म्हटलं, बाबा, जमीन आता उरलीय कुठं? तरी नाही. मी सगळा कागद वाचून दाखवला, दोनदा. तरी नाही. शेवटी बारा-चौदा वर्षं न बोललेल्या काकांना बोलावलं. काका आले, खाटेशी बसले, म्हणाले, "दादा, मी वाचलाय. कर." तेव्हा बाबांनी सही केली. मुलावर नाही, डॉक्टरवर नाही, ज्या भावानं फसवलं त्याच्यावर ठेवला विश्वास. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एवढं ठाऊक आहे की दोघांनी एका रात्री एकाच बांधावर चिखल टाकला होता.

तुम्ही म्हणाल, ही तुमच्या घरची गोष्ट, देशाचं काय? देशाचं असं की पुढं लोकांना विचारूनसुद्धा पाहिलं गेलं. महामुंबई सेझ नावाचा रिलायन्सचा प्रकल्प होता, उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या जमिनी हव्या होत्या. विरोध फार झाला तेव्हा पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला शेतकऱ्यांचं मत घेतलं. माणसं रांगा लावून गेली. म्हाताऱ्या बाया काठी टेकत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं विचारलं होतं, जमीन द्यायची की नाही! आणि त्या मताचा निकाल? अधिकृतपणे जाहीर झालाच नाही. गावातल्या पोराला ठाऊक होतं लोक काय म्हणाले ते, पण सरकारच्या तोंडून आकडा निघाला नाही. पुढं ते संपादन बारगळलं, जमीन वाचली. लोक जिंकले म्हणा. पण मी त्या गावांत फिरलोय. जिंकल्याचा आनंद आहे, आणि तरीही माणसं म्हणतात, "विचारलं, आणि उत्तर खिशात घालून गेले." न विचारण्यापेक्षा हे वाईट की बरं, तुम्हीच सांगा.

तुमच्याकडं वळतो. एकाधिकार खरेदीच्या काळात तुम्ही कापूस पिकवायचा आणि तो सरकारलाच घालायचा. चुकारा हप्त्याहप्त्यानं. सीमेपलीकडं भाव बरा, म्हणून रात्री बैलगाड्या काढायच्या, तर नाक्यावर पोलीस. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या घामाचा कापूस, आणि न्यायचा चोरासारखा. ती योजना गेली. चोरासारखं वाटणं गेलं का? २०१७ साली कर्जमाफी आली, तर नवरा-बायकोनं मिळून केंद्रावर अंगठे द्यायचे, मशीन अंगठा घेत नाही म्हणून पुन्हा उद्या. हातांना घट्टे पडलेल्या माणसाचा अंगठा मशीनला ओळखू येत नाही, आणि ठपका त्या माणसावर. २०२५ चा हंगाम घ्या. मध्यम धाग्याच्या कापसाला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये हमीभाव जाहीर झाला. बोंडं फुटायच्या आधी, ऑगस्टमध्ये, बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं. आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग केलं ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे तुमचा कापूस घरात येईपर्यंत! हमीभावानं घालायचा तर मोबाईलवर नोंदणी करा. आता शेतकऱ्यानं पुढच्या सालचा पेरा कोणाच्या शब्दावर ठरवायचा?

आणि शक्तिपीठ महामार्ग. नागपूरकडून गोव्याकडं जाणारा, वर्धा, यवतमाळ, नांदेड, हिंगोली, परभणी, असे बारा जिल्हे धरून आखलेला. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापुरात संपादन रद्द झाल्याचं सांगितलं गेलं. निवडणूक झाली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादनासाठी वीस हजार कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. रस्ता हवा की नको, यावर तुमच्यातच दोन मतं असतील, असू देत. चांगल्या भावानं जमीन विकायचा हक्क शेतकऱ्याला आहे, तसाच न विकायचाही आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. मोजणीला बंदोबस्त का लागतो? तुमच्या पोटहिश्श्याच्या मोजणीला साखळी घेऊन दोन माणसं येतात, तुम्ही त्यांना भाकरी खाऊ घालता. मग महामार्गाच्या मोजणीला पोलिसांच्या गाड्या का? कारण येणाऱ्यालाच ठाऊक असतं की आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्याला बंदोबस्त घेऊन यावं लागतं, तो तुमच्याहून जास्त भ्यालेला असतो. तुम्ही ज्वारीच्या जागलीला एकटे माळ्यावर झोपता, रानडुकराला भीत नाही. मग कचेरीच्या दारात आवाज का उतरतो? तिथंही एकटेच जाता म्हणून.

आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा जिल्हा होता, अलिबागजवळ चरीला १९३३ साली कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढं होते. खोत लिहील तो कागद आणि खालचा अंगठा कुळाचा, अशी रीत होती. पंचवीस गावांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. १९३९ पर्यंत, सहा वर्षं कसली नाही. विचार करा, सहा वर्षं भाताचा दाणा नाही. जंगलातून मोळ्या आणून विकल्या. इतक्या घरांतून चोरून खोताकडं जाणारं कोणीच नसेल? असेल. पण खोताकडं कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं, कारण संध्याकाळी गाव एकत्र बसायचं. आम्ही १९७० नंतर तेच सोडलं. नोटीस आली की प्रत्येकानं ती आपापल्या पेटीत घातली आणि शेजाऱ्याला सांगितलं, मला आलीच नाही. बीळ तिथं पडलं.

त्यामुळं आता मी भाषण थांबवतो. तुमच्यापैकी ज्यांना नोटिसा आल्यात त्यांना त्या बरोबर आणायला सांगितलं होतं. पिशव्यांमधून बाहेर काढा. कोणाची लपवलेली असेल तर तीही. ज्याची नोटीस त्यानं वाचायची नाही, शेजारच्या गावच्या माणसानं मोठ्यानं वाचायची. हरकतीची मुदत कुठं लिहिलीय, गट नंबर बरोबर आहे का, क्षेत्र सातबाराशी जुळतंय का, विहीर आणि झाडं धरलीत का, हे फळ्यावर लिहायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पुढं बसायचं, मागं नाही. हरकत द्यायला गेलात तर तिघं जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दारातून हलू नका. चहा येतोय. परभणीचे दादा, तुमचा कागद आधी द्या.